आमची मुले सहावी ते आठवीत काय शिकतात?

(आर्वी येथे कार्यकर्ते, शिक्षक व पालक यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शाळेच्या प्रश्नावर आपण आजवर पुष्कळ बोललो आहोत. गळकी छपरे, रिक्त जागा, शिक्षकांवर लादलेली अशैक्षणिक कामे, खाजगी शाळांची भरमसाट फी हे सर्व विषय आपल्या ठरावांत येऊन गेले आहेत, आणि ते यायलाच हवेत. परंतु त्या छपराखाली बसलेले बारा-तेरा वर्षांचे मूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका तासाकडून दुसऱ्या तासाकडे जाताना नेमके काय शिकते, हा प्रश्न आपण शिक्षणतज्ज्ञांचा म्हणून सोडून दिला. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवल्यानंतर माझे असे मत झाले आहे, की हा प्रश्न तज्ज्ञांचा जितका आहे, तितकाच कास्तकाराचा आणि मजुराचा आहे.

गेल्या हंगामातील एक साधी गोष्ट सांगतो. आमच्या शेजारची एक मुलगी सातवीत आहे. तिचे वडील मक्त्याने वावर करतात. एके संध्याकाळी ती माझ्याकडे शेकडेवारीची उदाहरणे घेऊन आली. वही नीटनेटकी, रीत बरोबर, उत्तरे बरोबर. योगायोगाने तिच्या वडिलांनी त्याच दिवशी एका व्यापाऱ्याला कापूस दिला होता आणि हिशेबाची चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. तिच्यात वजन, भाव, ओलाव्याची कपात आणि हातात पडलेली रक्कम लिहिली होती. मी ती चिठ्ठी मुलीपुढे ठेवली आणि म्हटले, "ही कपात बरोबर आहे का, बघ." ती गोंधळली, मग हसून म्हणाली, "हा तर कापूस आहे, आबाजी. गणित थोडीच आहे!"

मित्रहो, मला आज जे सांगायचे आहे ते सारे या एका वाक्यात आले आहे. मुलगी हुशार आहे. तिच्या शिक्षकांनी मन लावून शिकवले आहे, याची साक्ष तिची वही देते. तरीही गणित एका खोलीत आणि कापूस दुसऱ्या खोलीत राहिला, आणि मधला दरवाजा कोणी उघडला नाही.

हा दरवाजा बंद कधी होतो, ते पाहण्यासारखे आहे. आपल्या राज्यात बालभारतीच्या पुस्तकांतून तिसरी ते पाचवीची मुले 'परिसर अभ्यास' शिकत आली. नदी, पीक, ग्रामपंचायत, आरोग्य हे सारे तिथे एकत्र नांदते. सहावीत मूल गेले, की परिसर संपतो आणि विषय सुरू होतात. इतिहास व नागरिकशास्त्र वेगळे, भूगोल वेगळा, सामान्य विज्ञान वेगळे, गणित वेगळे. शिवाय मराठी, हिंदी, इंग्रजी या तीन भाषा. विषय वेगळे असण्यात काही पाप नाही. ज्ञान वाढले की त्याच्या शाखा होणारच. परंतु झाडाला फांद्या फुटल्या म्हणून खोड तोडून टाकीत नाहीत.

आपल्या आर्वी तालुक्याचे खोड म्हणजे कापूस. काळी जमीन ओल का धरून ठेवते, हे भूगोलाच्या तासाला येते. अळी, कोष आणि पतंग या कीटकाच्या अवस्था विज्ञानाच्या तासाला येतात. पण २०१७ साली ज्या गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा हंगाम बुडवला, ती हीच अळी, हे सांगायचे राहून जाते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर आपल्या वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाकडे वळली. हा जागतिक इतिहास आपल्या बांधावरून गेलेला आहे. पुलगाव-आर्वी ही छोट्या मापाची रेल्वे का घातली गेली, याचे उत्तरही कापसाच्या गाठींतच सापडते. आर्वीच्या मुलाने ती गाडी पाहिलेली नाही. तिच्या रुळांची कथा तरी त्याला कळावी की नाही?

आणि गणित? केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरवला. हा भाव आठ टक्के ओलावा धरून असतो. त्याहून ओलावा जास्त असेल तर त्या प्रमाणात कपात होते, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला तर सरकारी खरेदी केंद्र माल घेत नाही. ओलावा अकरा टक्के निघाला, तर तीन टक्के कपात. म्हणजे क्विंटलमागे २४३ रुपये ३० पैसे. दहा क्विंटलला २४३३ रुपये. सहावी-सातवीच्या शेकडेवारीपलीकडे यात काहीही नाही. परंतु हे उदाहरण जिला सोडवता येते, ती मुलगी वडिलांसोबत काट्यापाशी उभी राहून "ओलावा किती निघाला, दाखवा" असे म्हणू शकते. शिक्षणाने माणूस निर्भय होतो असे आपण भाषणांत म्हणतो. त्या निर्भयतेची सुरुवात अशी हिशेबाच्या चिठ्ठीपासून होते.

ज्यांना हे नवीन वाटत असेल, त्यांनी येथून साठेक किलोमीटरवरच्या सेवाग्रामची आठवण करावी. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मातृभाषेतून, मोफत व सक्तीचे, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण अशी योजना पुढे आली. समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या दिवसापैकी तीन तास वीस मिनिटे उद्योगाला होती. त्या उद्योगातूनच गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र उलगडावे, ही कल्पना. 'समवाय' हा शब्द तिथला. आर्यनायकम दांपत्याने सेवाग्रामला ही नयी तालीम प्रत्यक्ष चालवून दाखवली.

मी या योजनेचा आंधळा भक्त नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागावा या कल्पनेवर त्याच परिषदेत प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला होता, आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तो मला आजही योग्य वाटतो. या कल्पनेमागे एक आर्थिक पेच होता. तेव्हाच्या प्रांतिक सरकारांना दारूवरील कराचे उत्पन्न मिळे आणि त्यातून शिक्षणाचा खर्च चाले. दारूबंदी केली तर शाळा कशावर चालवायच्या, असा तो प्रश्न होता. राज्याने श्रीमंतांवर कर बसवून शाळा चालवावी, हे त्याचे समाजवादी उत्तर. मुलाच्या टकळीवर तो भार टाकणे हे उत्तर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला हातकामच आले, त्यांच्या मुलांना शाळेतही हातकाम, आणि ज्यांच्या वाट्याला पोथी आली त्यांच्या मुलांना इंग्रजी, अशी वाटणी झाली तर ती जातिव्यवस्थेचीच नवी आवृत्ती होईल. दलित-बहुजन समाजाची ही शंका निराधार नव्हती. पुढे झालेही तसेच. मूलोद्योगी शाळा गरिबांसाठी उरल्या. योजनेचे गुणगान करणाऱ्यांची मुले दुसऱ्या शाळांत गेली. म्हणून माझे म्हणणे असे, की समवाय हवा, पण तो सर्वांच्या शाळेत हवा. आणि त्यासोबत इंग्रजी, बीजगणित व प्रयोगशाळाही पूर्ण हवी. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव आणि समान शाळा या दोन्ही शिफारशी एकत्र केल्या होत्या. आपण समान शाळा विसरलो, आणि कार्यानुभवाचा अनेक ठिकाणी कागदी फुलांचा तास झाला.

याही मागे जाऊ. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्याच्या करातून जमलेला पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यातील आरोप सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात खेड्यातील प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य शिकवावे, अशी मागणी होती. म्हणजे पैसा कोणावर खर्च होतो आणि वर्गात काय शिकवले जाते, हे दोन प्रश्न फुल्यांनी एकाच वेळी विचारले. आपण पहिला उचलला आणि दुसरा खाली ठेवला.

आजचे राज्यकर्ते काय देतात? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोय सांगितली आहे. कल्पना वाईट नाही. पण हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या वर्गांना वर्षाला २२० कामाचे दिवस असतात. तीन वर्षांचे ६६० दिवस झाले. त्यांतले दहा म्हणजे दीड टक्का! १९३७ च्या वेळापत्रकात उद्योगाचा वाटा साठ टक्के होता. साठ टक्के जास्त होते, हे मी मान्य करतो. परंतु दीड टक्का ही निव्वळ सहल आहे.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकही आहेत. मात्र पटसंख्या शंभरावर असेल तरच. आपल्या खेड्यांत सहावी ते आठवीला शंभर मुले किती शाळांत सापडतील? म्हणजे ज्या मुलाला हाताच्या कामातून शिकण्याची सर्वाधिक संधी गावातच आहे, त्यालाच त्याचा शिक्षक नाही. त्यात २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. शाळा गावातून उठली की परिसरही तिच्याबरोबर उठतो.

२०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यांत वहीची कोरी पाने घातली गेली, आणि २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेण्यात आला. दप्तराच्या वजनावर एवढी चर्चा झाली. पानांवरील मजकूर मुलाच्या जगण्याशी जोडला जातो की नाही, याची दशांशानेही झाली नाही. 'असर' या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतात आठवीच्या अवघ्या ४५.८ टक्के मुलांना साधा भागाकार करता आला. यावर जादा तास आणि आणखी सराव एवढाच उपाय सांगितला जातो. सराव हवाच, पण भागाकार कशासाठी करायचा हे ज्याला कधी दिसलेच नाही, त्याच्या तो ध्यानात कितीसा राहणार?

आता आपण काय करावे? सरकार बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तिच्यात बसावे आणि दर महिन्याला एकच प्रश्न विचारावा : या महिन्यात वर्गांत जे शिकवले, त्यातले गावात कुठे दिसते? कापसाची चिठ्ठी, रोजगार हमीचे हजेरीपत्रक, विजेचे बिल, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प हे कागद शिक्षकांना आणून द्यावेत. शिक्षकांवर हुकूम सोडू नये. त्यांच्या पाठीशी उभे राहावे. गावातला सुतार, जिनिंगमधला अनुभवी कामगार, सुईण यांना वर्गात सन्मानाने बसवावे. आनंद निकेतन ही शाळा २००५ पासून सेवाग्रामला पुन्हा उभी आहे; तिथे शिक्षकांना घेऊन जावे.

आणि एक पथ्य पाळावे. सीतादही झाली, वेचणी सुरू झाली, की वर्गातल्या मुली कमी होतात. श्रमातून शिक्षण या नावाखाली त्याचे समर्थन आपल्या तोंडून कधीही होऊ नये. वेचणीला गेलेली मुलगी शिकत नाही, राबते. तिला शाळेत आणणे हे आपले पहिले काम. शाळेत आलेल्या मुलीपुढे तिचाच कापूस गणित म्हणून ठेवणे हे दुसरे.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ती चिठ्ठी तपासली. कपातीत चूक होती. रक्कम फार मोठी नव्हती. दुसऱ्या दिवशी वडील मुलीला बरोबर घेऊन गेले आणि फरक मागून आणला. परवा ती पुन्हा आली होती. या वेळी वही नव्हती. शेजारच्या तीन घरांच्या चिठ्ठ्या तिच्या हातात होत्या.