बांधावरचा सहीवाला कोळी



आपल्याकडे 'कोळी' या एकाच नावाने दोन निरनिराळे जीव ओळखले जातात आणि त्यातून कधी कधी नसता खर्च होतो. वांगी, भेंडी, टोमॅटोवर पडतो तो लाल कोळी. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो आणि पानाच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतो. त्याचे जाळे म्हणजे पानाला चिकटलेले बारीक तंतू. आज सांगायचे आहे ते दुसऱ्या कोळ्याविषयी.

अवसरी खुर्दच्या शिवारात हा कोळी पाहायचा असेल, तर पावसाळ्यात व त्यानंतर बांधावरची घाणेरी, कुंपण किंवा घाटाकडची झुडपे सकाळच्या तिरप्या उन्हात न्याहाळावीत. चाकासारखे गोल, उभे जाळे आणि त्यात पांढऱ्या रेशमाची नागमोडी फुलीसारखी नक्षी दिसली, की ओळख पटली. सही केल्यासारखी ही नक्षी असते, म्हणून इंग्रजीत याला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. शास्त्रीय नाव आर्जिओपी अनासुजा. थोरेल या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये त्याचे वर्णन केले. भारताखेरीज पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव व सेशेल्स येथेही तो आढळतो.

जाळ्याच्या मध्यभागी डोके खाली करून बसते ती मादी. तिची लांबी ८ ते १२ मिलिमीटर. पोट पंचकोनी, त्यावर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे. आठ पाय ती दोन-दोनच्या जोडीने ताणून धरते, त्यामुळे चारच पाय असल्याचा भास होतो. नर इतका लहान, की बहुधा नजरेतून सुटतो. नक्षी कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. कोणी म्हणतात कीटक आकर्षित होतात, कोणी म्हणतात पाखरे जाळे टाळतात. माणसाला याच्यापासून धोका नाही.

नाकतोडे, माशा, पतंग जे सापडेल ते ती रेशमात गुंडाळून खाते. मधमाशीही सोडत नाही, हेही सांगितले पाहिजे. लाल कोळी मात्र तिच्या जाळ्यात येत नाही, तेव्हा ती अपेक्षा धरू नका.

जाळे दिसले म्हणून लगेच पंप पाठीवर घेऊ नका. आधी पान उलटून भिंगाने पाहा. लाल कोळी दिसला, तरच शिफारशीचे कोळीनाशक पानाच्या खालच्या बाजूस बसेल असे फवारा. पायरेथ्रॉइड गटाची औषधे वारंवार मारल्यास त्याचे नैसर्गिक शत्रू मरतात आणि तो उलट वाढतो. फवाऱ्याचा रोख पिकावरच ठेवा, बांधावरची झुडपे वगळा.