पसंतीक्रम कोणाचा?

(कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



 अध्यक्षानं अनुदान, रिक्त पदं, अभ्यासक्रम यांवर बोलावं अशी आपली रीत. ते प्रश्न मोठे आहेत आणि उद्याच्या ठरावांत ते येणारच आहेत. मला आज पालकांबद्दल बोलायचं आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षं ते आपल्या मुलांइतकेच, कधी त्यांच्याहून जास्त, ताणाखाली असतात. आणि त्यांनी नेमकं काय करावं हे त्यांना कोणी सांगत नाही.

परळच्या चाळीतली एक खोली आपल्या सगळ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातून माहीत आहे. सुभेदार रामजी सकपाळांचा संसार त्या एका खोलीत होता. भीमराव लवकर झोपायचे. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि मग त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडून उसने घ्यायचे, तिथेही नसले तर त्यांचा दागिना मागून गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून द्यायचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. त्या घरातली गरिबी आपण नेहमी सांगतो. मला त्या वडिलांची व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. अभ्यासाला जागा नव्हती, ती त्यांनी वेळेतून काढली. पुस्तक हवं तेव्हा हातात येईल याची तजवीज केली. पालक म्हणून जे आपल्या हातात आहे ते त्यांनी पूर्ण केलं.

आजच्या पालकाच्या हातात काय आहे? फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये जेईई, मेमध्ये नीट, त्याच्या मागेपुढे आपली सीईटी, शिवाय २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी. प्रत्येकीचं संकेतस्थळ वेगळं, मुदत वेगळी, नियमांत दरवर्षी बदल. ज्या घरातलं पहिलंच मूल विद्यापीठापर्यंत पोचतं आहे, त्या घरात ही सगळी माहिती नेट कॅफेवाल्याकडून येते किंवा क्लासच्या जाहिरातीतून. आपल्या याच मराठवाड्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले आईबाप मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसतात. मूल आजीजवळ असतं. बोर्डाची परीक्षा आणि प्रवेश परीक्षांचे अर्ज नेमके याच महिन्यांत येतात. अशा घराला ‘पालक जागरूक नाहीत’ हा शेरा आपण फार सहज मारतो. तो मला मान्य नाही.

पालकांचं पहिलं काम कागदांचं आहे, आणि त्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हुशार मुलाची जागा कमी गुणांमुळे जाते तशीच कागदामुळेही जाते. जात वैधता प्रमाणपत्राचंच घ्या. जात पडताळणी समितीला पुरावा लागतो तो जुना: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, गाव नमुना १४. सतरा वर्षांच्या मुलाला हे कुठे मिळणार? आजोबा कोणत्या गावच्या शाळेत जात होते, चुलत्याकडे आधीच वैधता झाली आहे का, आडनाव कुठल्या पिढीत बदललं, हे आईबापांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं. इथे अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा आपल्या सगळ्यांपेक्षा उपयोगी पडते. विज्ञान शाखेच्या मुलांना हा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करता येतो. तरीही बारावीच्या निकालानंतर समितीच्या दारात रांग लागते आणि मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही की राखीव जागेवरचा हक्क जातो.

नॉन-क्रीमीलेअरचंही तसंच. ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. गेल्या वर्षीचं फाईलमध्ये आहे म्हणून घर निश्चिंत राहतं आणि पडताळणीच्या खिडकीशी गेल्यावर कळतं की ते संपलेलं आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव यांतला एका अक्षराचा फरक, बँक खात्याला आधार जोडलेलं नसणं, अर्जावर कॅफेवाल्याचाच मोबाईल क्रमांक दिलेला असणं! ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जातो आणि मुलाचा अर्ज मुलाच्या हातात राहत नाही. अकरावीच्या दिवाळीत आईबाप घरी असतात तेव्हा एक फाईल केली, तर बारावीच्या जूनमधली निम्मी धावपळ वाचते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो आणि घर तो टक्क्यांसारखा वाचतं. नव्वद म्हणजे उत्तम, पेढे वाटा. तीन लाख मुलांनी परीक्षा दिली असं धरलं, तर नव्वद पर्सेंटाइलच्या मुलापुढे सुमारे तीस हजार मुलं असतात. हे जून-जुलैमध्ये उमगतं तेव्हा घराला वाटतं मुलानं फसवलं. त्यानं काहीही फसवलेलं नसतं. निकालाआधी वर्गात पालकांना बसवून अर्धा तास हा हिशेब समजावला, तर किती घरांतली भांडणं टळतील!

आता मुख्य मुद्दा. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत मुलानं पसंतीक्रम भरायचा असतो. संगणक वरून खाली पाहत जातो आणि मुलाच्या गुणवत्तेवर जी पहिली जागा बसते ती देतो. वरच्या क्रमांकावर अवघड कॉलेज लिहिल्यानं खालची जागा गमावत नाही. पण पहिल्याच क्रमांकाची जागा मिळाली तर ती स्वीकारावी लागते. पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर काय लिहायचं, हा त्या मुलाच्या पुढच्या चार वर्षांचा प्रश्न असतो. आणि ही यादी बहुतेक वेळा कोण करतं? मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून कॅफेवाला. किंवा पुण्यातला मामेभाऊ. किंवा वडील, ‘संगणकाला स्कोप आहे’ एवढ्या एका वाक्यावर. मूल शेजारी उभं असतं.

माझं मत मी आडपडदा न ठेवता मांडतो. कागद, पैसा, घरातली शांतता, प्रवासाची सोय ही पालकांची कामं. शाखा आणि पसंतीक्रम मुलाचा. पालकांनी प्रश्न विचारावेत, जरूर विचारावेत: हा विषय तिथे कसा शिकवतात, तिथून गेलेली मुलं पुढे काय करतात, वसतिगृह आहे का, गावापासून किती तासांवर आहे, आपल्याला परवडेल का. पण यादीचा क्रम मुलानं स्वतःच्या हातानं कागदावर लिहावा आणि ‘का’ हे दोन ओळींत सांगावं. ते जमलं नाही तर मूल अजून ठरवायला तयार नाही, त्याला वेळ द्या. स्वतः निवडलेल्या शाखेत पहिल्या सत्रात विषय राहिला तरी मूल तो पुन्हा देतं. वडिलांनी निवडलेल्या शाखेत विषय राहिला की ते घरी फोन करायचं थांबवतं. हे मी माझ्या विद्यार्थ्यांत वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

पैशाबद्दल घरात स्पष्ट बोललं पाहिजे, आणि मुलासमोर बोललं पाहिजे. बाप काळजी नको म्हणून सांगत नाही, मूल लाजून विचारत नाही, आणि ऑगस्टमध्ये फी भरायच्या दिवशी सावकार आठवतो. २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनानं पूर्ण माफ केलं आहे. हे ठाऊक नाही म्हणून मुलीला घरी बसवू नका, असं प्रत्येक गावात सांगायला हवं. मात्र खोली, खानावळ, पुस्तकं यांचा खर्च उरतोच. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, स्वाधार योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत गुणवत्ताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळालेल्या मुलाला तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकतं. मुलानं काम करून शिकण्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’वर या महाराष्ट्रात पिढ्या उभ्या राहिल्या.

घरातल्या वातावरणाबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. लातूर असो वा कोटा, मूल खोली घेऊन एकटं राहतं तेव्हा त्याच्या दिवसातला घरचा वाटा म्हणजे रात्रीचा एक फोन. त्या फोनवर ‘टेस्टमध्ये किती आले?’ हा पहिला प्रश्न असू नये. जेवलास का, झोपलास का, कोणाशी बोललास का, हे आधी. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये दाखल करू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये काढली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. न्यायालयाला हे सांगावं लागलं, यातच परिस्थिती कळते. मूल अचानक गप्प झालं, झोप उडाली, जेवण तुटलं, आपल्या वस्तू वाटायला लागलं, तर पालकांनी परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी जाऊन भेटावं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची की नाही, हाही घराघरांतला प्रश्न. मुलाची स्वतःची इच्छा असेल, कुठे कमी पडलो हे त्याला सांगता येत असेल आणि दुसरा पर्याय आधीच ठरलेला असेल, तर एक वर्ष द्यावं. शेजाऱ्याच्या मुलाला दुसऱ्या खेपेला मिळालं, हे कारण पुरेसं नाही.

आणि मित्रहो, हे सगळं पालकांना सांगायचं कोणी? क्लासवाले सांगणार नाहीत, त्यांचा त्यात लाभ नाही. विद्यापीठ सांगणार नाही, मूल अजून तिथे पोचलेलं नाही. सांगणारे आपणच. आपल्या पालकसभा बारावीच्या जानेवारीत होतात, हजेरी आणि पूर्वपरीक्षेच्या गुणांवर होतात, आणि पालक मान खाली घालून निघून जातात. ही सभा अकरावीच्या पहिल्या सत्रात, ऊसतोडीची टोळी गाव सोडायच्या आत झाली पाहिजे. तहसील कार्यालयाच्या मदतीनं कॉलेजातच दाखल्यांचं शिबिर घेतलं पाहिजे. निकालानंतर पसंतीक्रम भरायच्या आठवड्यात प्रत्येक कॉलेजची संगणक प्रयोगशाळा मुलांसाठी उघडी पाहिजे आणि तिथे आपल्यातला एक जाणता शिक्षक बसलेला पाहिजे, म्हणजे कोणाला कॅफेत जावं लागणार नाही. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही, प्राचार्यांची संमती आणि आपली तयारी लागते.

उद्याच्या ठरावांत हा एक ठराव घ्यावा, अशी माझी अध्यक्ष म्हणून विनंती आहे. तो मंजूर झाला तर येत्या जूनपासून माझ्या कॉलेजात त्याची सुरुवात मी स्वतः करतो. तुम्हीही आपापल्या ठिकाणी करा.