मावळतीचे ऊन आणि घराचा आराखडा

घर बांधू इच्छिणाऱ्या गृहस्थाने कागदावर रेघ ओढण्यापूर्वी मावळतीचे ऊन कोठून येते, ते पाहावे. बऱ्हाणपुरात वैशाखात पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. त्या अंगास जिना, कोठीघर, न्हाणीघर काढावे. निजावयाची खोली पूर्वेस असावी. १६१५ च्या सुमारास, खानखानाच्या अमदानीत, सातपुड्याचे पाणी भुयारांतून कुंडी भंडाऱ्यात आणणाऱ्यांनी ते उन्हापासून जपले. हल्लीची टाकी मात्र उघड्या गच्चीवर पाणी उकळीत बसते!

जुन्या वाड्यातील चौक म्हणजे जागेचा अपव्यय, असे आता मानले जाते. हा हिशेब कच्चा आहे. चौक गेला की मधल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि तापलेल्या हवेस वर जाण्यास वाट उरत नाही.

खरा पेच विणकराच्या घराचा. यंत्रमाग आणि संसार एकाच छपराखाली आले, की खडखडाट व सुताची धूळ तान्ह्या मुलाच्या पाळण्यापर्यंत पोचते. अशा घरात माग रस्त्याच्या बाजूस, बिऱ्हाड मागे आणि मध्ये चौक ठेवावा. जागा अपुरी पडल्यास दिवाणखाना आखडावा. पाहुणे काही रोज येत नाहीत.