मातीचे अन्न निवडताना



पावसाळा तोंडावर आला की शहरांतील रोपवाटिकांमध्ये गर्दी होऊ लागते. जास्वंद, मोगरा, तुळस यांची रोपे घरी येतात. त्यांच्याबरोबर खताची एखादी पिशवी आणि लाल मातीचे पोतेही येते. रोप घेताना ग्राहक त्याची पाने उलटसुलट करून पाहतो. खताची पिशवी मात्र न उघडताच उचलतो. हे खत कशापासून झाले, कोठून आले आणि ते पुरते कुजले आहे का, हे तीन प्रश्न क्वचितच विचारले जातात. घरच्या बागेचे आरोग्य आणि गावाचे आरोग्य, या दोहोंचा संबंध याच तीन प्रश्नांशी आहे.

खत म्हणजे झाडाचे अन्न, अशी सर्वसाधारण समजूत आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते, तर शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. केवळ नत्राचा हिशेब मांडला, तर शेणखत वाहून आणणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल. परंतु शेणखत आणि कंपोस्ट हे आधी मातीचे अन्न आहे. त्यातील सेंद्रिय कर्बावर मातीतले असंख्य सूक्ष्म जीव जगतात. त्यांच्या कार्यातून मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात, मुळांशी हवा खेळते, पाणी मुरते आणि टिकते. दख्खनची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिखल होते. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असून तिच्यातील पोषकद्रव्ये पावसाबरोबर वाहून जातात. दोन्हींचे दुखणे वेगळे, पण दोन्हींना मानवणारे औषध एकच : चांगले कुजलेले सेंद्रिय खत.

या विचाराची मुळे आपल्या भूमीत खोलवर रुजलेली आहेत. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथात माघात शेणाचा ढीग उकरून ते वाळवावे, फाल्गुनात शेतातील खड्ड्यांत साठवावे आणि पेरणीच्या वेळी पसरावे, असा क्रम सांगितला आहे. ताजे शेण पिकाला घालू नये, त्याला काळ द्यावा, हे सूत्र त्यात स्पष्ट दिसते. विसाव्या शतकात या अनुभवाला प्रयोगशाळेची जोड मिळाली. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ पासून इंदूर येथील संस्थेत काम करीत होता. पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक अंतराने ते उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ तेथे सिद्ध झाली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्यावरील ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड. येथल्या शेतकऱ्याला हॉवर्डने आपला गुरू मानले. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीत या कामाला पायाभूत स्थान आहे.

मात्र वारशाचा अभिमान आचरणाची जागा घेऊ शकत नाही. त्याच इंदूर शहरात २०२२ च्या फेब्रुवारीत दररोज ५५० टन ओला कचरा हाताळण्याच्या क्षमतेचा जैववायू प्रकल्प सुरू झाला. त्यातून वायूबरोबर खतही मिळते. असा प्रकल्प चालण्याची पहिली अट यंत्राची नसून घराघरांत ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची आहे. शिस्त स्वयंपाकघरात सुरू होते, यंत्र तिच्या मागून येते.

आता निवडीकडे वळू. जवळच्या गोठ्यातील, चांगले मुरलेले शेणखत उत्तम. ते कच्चे असेल तर त्याबरोबर हुमणीच्या अळ्या आणि तणाचे बी बागेत येते. गांडूळखतात नत्र साधारणतः एक ते दीड टक्का असते व ते कुंड्यांना फार मानवते. शहराच्या कचऱ्यापासून केलेले कंपोस्ट स्वस्त असते, पण कचरा वेगळा न करता ते बनवले असेल, तर त्यात काच, प्लॅस्टिक आणि बॅटऱ्यांतील जड धातू उतरण्याचा धोका राहतो. त्यासाठीच केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात अशा कंपोस्टच्या मर्यादा घातलेल्या आहेत : एका किलोत शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. पिशवीवर या मानकांचा उल्लेख पाहूनच ती घ्यावी. कोकोपीट हे खत नव्हे. नारळाच्या सोडणाचा तो भुसा पाणी धरून ठेवतो, पोषण जवळजवळ देत नाही. त्यात क्षार असतात, म्हणून तो धुऊन वापरावा. परदेशी पीटची तर आपल्याला गरजच नाही. दलदलीत त्याचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. आणि पोत्यातली ती लाल माती? ती बहुधा कोठल्या तरी टेकडीची कातडी सोलून आलेली असते. एक बाग फुलवण्यासाठी एक टेकडी उघडी पाडणे, याला बागकाम म्हणता येत नाही.

खत पिकले की नाही, हे ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. पिकलेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. आंबूस किंवा अमोनियाचा दर्प आला, तर ते कच्चे आहे. ढिगात हात घातल्यावर ऊब लागू नये. मूळचे पान किंवा साल ओळखू येऊ नये. शंका असल्यास थोड्या खतात मेथीचे दाणे पेरावे. चार-पाच दिवसांत बहुतेक दाणे उगवले तर खत निर्धोक समजावे. कच्चे खत कुंडीत घातले, तर ते कुजवणारे जीव मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि पाने पिवळी पडतात. कुंडीत खताचा वाटा एक तृतीयांशापर्यंत पुरे.

या सर्वांहून श्रेष्ठ खत कोणते? जे विकत आणावे लागत नाही ते. शहरी कचऱ्यात सुमारे निम्मा भाग ओला असतो. भोके पाडलेल्या बादलीत भाजीची देठे, फळांच्या साली, देवपूजेतील निर्माल्य आणि त्यावर दुप्पट वाळका पालापाचोळा असे थर द्यावेत. ओल्या कचऱ्यात नत्र अधिक, पाचोळ्यात कर्ब अधिक; कर्ब व नत्र यांचे प्रमाण तिसास एकच्या आसपास राहिले की कुजण्याची क्रिया सुरळीत चालते. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. आठवड्यातून एकदा ढवळले, तर दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. सोसायटीच्या आवारात जो पाचोळा पेटवून दिला जातो, तोच येथे मोलाचा ठरतो.

ही बादली ज्या घरात नसते, तेथील देठे आणि साली कोठे जातात? मुंबईत १९२७ पासून देवनारला कचरा टाकला गेला. डोंगराखाली हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निर्माण होतो. २०१६ च्या जानेवारीअखेर तेथे लागलेल्या आगीचा धूर पूर्व उपनगरांवर पसरला आणि मुलांच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसला. त्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. शहराच्या ताटातले उरलेले शेजारच्या गावाच्या विहिरीत उतरावे, हा शेजारधर्म नव्हे.

मातीने दिलेले मातीला परत करणे, हे ऋण फेडण्याचे काम आहे. त्यासाठी निधी लागत नाही, सभा लागत नाही. एक बादली, मूठभर पाचोळा आणि घरातील सर्वांची सवय लागते. येत्या पावसाळ्यात प्रत्येक घराने एक कुंडी तरी स्वतःच्या खतावर फुलवावी. तिच्यातले पहिले फूल देव्हाऱ्यात जाईल आणि निर्माल्य होऊन पुन्हा त्याच बादलीत येईल.