क्रोशाची सुई आणि मनाची घडी
(नभोवाणीवरील भाषण)



आज ज्या विषयावर मी आपणांशी बोलणार आहे, तो ऐकून काहींच्या मुखावर स्मित उमटेल. क्रोशाचे विणकाम हा काय भाषणाचा विषय झाला? रुखवतातील चार रुमाल, दारावरचे एक तोरण, बाळाचे टोपडे, एवढ्यावरच ज्याची मजल संपते असे आपण मानतो, त्या कामाचा मनःस्वास्थ्याशी, शरीरस्वास्थ्याशी आणि त्याहूनही पुढे जाऊन आत्मिक समाधानाशी काय संबंध? हा संबंध मला प्रथम उमगला तो कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर लोंढ्याच्या रेल्वे वसाहतीतील एका लहानशा घरात. तेव्हा आरंभ तेथूनच करते.

लोंढा हे बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील, रानाने वेढलेले गाव. येथून एक लोहमार्ग बेळगावावरून मिरजेकडे जातो, दुसरा धारवाड-हुबळीकडे वळतो, आणि तिसरा सह्याद्री उतरून गोमंतकात शिरतो. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि फलाटावर कोकणी असा या गावाचा त्रिवेणी संसार. माझ्या मावशीचे यजमान तेथे मालगाडीचे गार्ड होते. मी सांगते ती गोष्ट १९७० च्या दशकातील. १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्या वेळी तो मीटरगेज होता. खनिजाने भरलेल्या गाड्या तिनईघाट, कॅसलरॉक करीत दूधसागरचा घाट उतरून मुरगाव बंदराकडे जात. पावसाळ्याच्या रात्री घाटात दरड कोसळली की गाडी कोठे तरी अडकून पडे, आणि काका केव्हा परततील याचा नेम नसे. घरी टेलिफोन नव्हता. बहुधा वीजही गेलेली असे. अशा रात्री मावशी कंदील जवळ ओढी आणि क्रोशाची सुई हाती घेई. शेजारच्या एका गोमंतकीय ख्रिस्ती बाईंकडून ती हे काम शिकली होती. मी एकदा तिला विचारले, "मावशी, तुला भीती नाही का ग वाटत?" ती हसून म्हणाली, "वाटते तर! पण टाके मोजताना भीतीला मध्ये बोलायला सवड मिळत नाही."

पुढे काका निवृत्त झाले आणि थोड्याच वर्षांत गेले. ज्या बाईने काळजीच्या असंख्य रात्री सुईच्या आधाराने काढल्या होत्या, तिने ती सुई ट्रंकेत टाकून दिली. तिची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. आम्ही सारे मात्र "मन कशात तरी रमव" असा उपदेश करीत राहिलो. त्या उपदेशात आमचे किती अज्ञान होते, हे मला फार उशिरा कळले. ही हकीकत पुरी करण्यापूर्वी थोडे या कलेविषयी सांगते.

क्रोशा हा शब्द आपण फ्रेंच भाषेतून घेतला. त्याचा अर्थ लहानसा आकडा. त्या आकड्याने दोरा ओढून एका वेढ्यातून दुसरा वेढा काढावयाचा, एवढेच या विद्येचे मूळ. साखळी, मुका खांब, खांब या तीन-चार अक्षरांत तिची सारी बाराखडी आटोपते. एकोणिसाव्या शतकात ही कला युरोपात फार पसरली. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून घोर दुष्काळ पडला, तेव्हा तेथील जोगिणींनी स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली आणि कित्येक कुटुंबे त्या एका सुईवर तगली. कापड विणण्याची यंत्रे केव्हाच निघाली, पण बाजारात दिसणारे क्रोशाचे काम आजही माणसाच्या हातांनीच होते.

या कलेचा एक विशेष मुद्दाम ध्यानात घेण्याजोगा आहे. दोन सुयांच्या विणकामात लोकरीचे कितीतरी टाके एकाच वेळी सुईवर असतात. एखादा निसटला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात बहुधा एकच वेढा सुईवर असतो. मागचे टाके बांधून झालेले आणि पुढचे अजून जन्मावयाचे. तेव्हा विणणारीच्या हाती असतो तो केवळ चालू टाका. ज्याचे मन गेल्या दुःखात आणि येणाऱ्या संकटात एकसारखे हेलपाटे घालीत असते, त्याला ही केवढी मोठी शिकवण आहे!

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. अमेरिकेतील हार्वर्डचे वैद्य हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, एखादा शब्द, प्रार्थना किंवा क्रिया शांतपणे पुनःपुन्हा केली असता श्वास मंदावतो, नाडी संथ होते आणि शरीराचा ताण उतरतो. आपल्या आजीबाईंना जपमाळेतून हे ठाऊकच होते. २०२० साली ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या दोघी संशोधिकांनी क्रोशा विणणाऱ्या ८३९१ व्यक्तींच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील शेकडा ८९.५ जणांनी या कामाने मन शांत होते असे सांगितले, तर शेकडा ८२ जणांनी आनंद वाढतो असे नमूद केले. मात्र ही उत्तरे ज्यांना क्रोशा मुळातच आवडतो त्यांनी स्वतःविषयी दिलेली आहेत, हे विसरता कामा नये. गोड आवडणाऱ्याला श्रीखंडाविषयी विचारावे, तसा हा प्रकार! तथापि इतक्या लोकांची साक्ष अगदीच उडवून लावण्याजोगीही नाही.

हाताच्या कामाने रोग्याला बरे करण्याचे शास्त्र आपल्या महाराष्ट्रात रुजले त्याचा इतिहास अभिमानास्पद आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांच्या मराठी घराण्यात सून म्हणून आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातील ते या प्रकारचे पहिले विद्यालय. रोग्याला वेळ घालविण्यापुरते काही तरी करावयास देणे हे या शास्त्राचे प्रयोजन नव्हे. कोणत्या सांध्याला चलन हवे, कोणत्या बोटांत बळ आणावयाचे, कोणाच्या खचलेल्या मनाला "हे मी केले" असे म्हणता आले पाहिजे, याचा विचार करून काम निवडावयाचे, हे त्याचे सूत्र. क्रोशालाही हेच सूत्र लावून पाहा. अंगठा, तर्जनी आणि मनगट यांना तो हलका व्यायाम देतो. दृष्टी आणि हात यांचा मेळ घालतो. आणि तासाभरात बोटभर का होईना, पण डोळ्यांना दिसेल अशी प्रगती पदरात टाकतो.

पण अति तेथे माती. मान खाली घालून तासन् तास बसल्यास खांदे आखडतात, मनगट दुखू लागते, अंगठा ठणकतो. म्हणून अर्ध्या तासाने उठावे, बोटे मोकळी करावी, दूरच्या झाडाकडे पाहावे. उजेड भरपूर असावा. मावशीच्या कंदिलाची मी स्तुती केली खरी. तिच्या डोळ्यांनी मात्र ती केली नसती!

बुद्धीलाही येथे खाद्य आहे. मुक्या खांबाचा गोल रुमाल सपाट राहावयाचा असेल तर दर फेरीस साधारण ६ टाके वाढवावे लागतात. कमी वाढविले की रुमालाची टोपी होते. फार वाढविले की झालर पडते. या झालरीतच कॉर्नेल विद्यापीठातील गणिती डायना टायमिना यांना १९९७ साली एक मोठा अर्थ सापडला. समांतर रेषांविषयीचा युक्लिडचा नियम जेथे चालत नाही, त्या वक्र पृष्ठाचे हाताळता येईल असे टिकाऊ प्रतिरूप त्यांनी क्रोशाने विणून दाखविले. आमच्या माजघरातील विद्येला गणिताच्या वर्गात असे मानाचे पान मिळाले!

आता आत्मिक अंगाविषयी. आपल्या संतमंडळींकडे पाहा. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी. जनाबाई तर दळणकांडण करणारी. यांपैकी कोणी काम टाकून देवाकडे गेले नाही. कामातच त्यांनी देवाला बोलावून घेतले. लोंढ्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या बेळगावी डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा २००० वार सूत द्यावे, असा नियम झाला. तो नियम फार काळ टिकला नाही, परंतु त्यामागील विचार टिकाऊ आहे. सुताचा धागा काढणे हे गांधीजींच्या दृष्टीने देशकार्य होते, तसेच ते चित्तशुद्धीचे साधनही होते.

तथापि एका गोष्टीचा उच्चार केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या सहस्रावधी स्त्रिया क्रोशाची लेस विणीत आल्या आहेत. २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, या बायका दिवसाचे कित्येक तास राबूनही त्यांचे काम "गृहिणीचा फावल्या वेळचा छंद" म्हणून गणले जाई आणि मजुरी त्या मानाने अत्यल्प मिळे. म्हणजे तीच सुई, तोच टाका. पण जेथे पोटाची चिंता आणि व्यापाऱ्याची घाई मागे लागते, तेथे मनःशांती कोठून यावी? ज्यांना क्रोशा विसावा देतो त्यांनी दुसरीने विणलेला रुमाल विकत घेताना घासाघीस करू नये, इतका धडा आपण घेतला तरी पुष्कळ झाले.

आता मावशीची हकीकत पुरी करते. आमचा उपदेश सपशेल फसल्यावर आम्ही तिला गाडीने धारवाडला नेले आणि मनोविकारांच्या डॉक्टरांना दाखविले. हा आजार आहे, हट्ट नव्हे, असे त्यांनी आम्हांला समजावून सांगितले आणि औषध सुरू केले. हे मुद्दाम सांगते. खोल विषण्णतेवर क्रोशा हे औषध नव्हे. तेथे वैद्यच पाहिजे. आज धारवाडला मनोविकार आणि मज्जाविज्ञान यांची मोठी संस्था आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनेही सरकारी साह्य मिळते.

औषधाने झोप येऊ लागली, आणि काही महिन्यांनी एका दुपारी मावशीने आपण होऊन ट्रंक उघडली. आत एक अर्धवट पडदा होता, काकांच्या शेवटच्या दुखण्यात विणलेला. त्यातील कितीतरी ओळी चुकल्या होत्या. तिने तो बराच वेळ मांडीवर धरला, मग दोरा ओढला आणि सर्र सर्र उसवीत ती शेवटच्या बरोबर ओळीपर्यंत गेली. मला वाईट वाटले. पण तिने त्या नागमोडी झालेल्या दोऱ्याची लडी केली, ती धुऊन वळणीवर वाळत घातली, आणि दुसऱ्या दिवशी सरळ झालेल्या त्याच दोऱ्याने पुन्हा आरंभ केला. "दोरा तुटलेला नाही ग," एवढेच ती म्हणाली.

श्रोतेहो, एक सुई आणि दोऱ्याचा एक गुंडा यांपलीकडे या साधनेला भांडवल लागत नाही. बहिणींनीच ती करावी असेही नाही. मुलग्यांना आणि सेवानिवृत्त पुरुषांनाही ती मना नाही. प्रथम वीतभर साखळी घाला. ती वाकडी झाली तर खुशाल उसवा आणि पुन्हा घाला. गाडी घाटात अडकलेली असेल, रात्र मोठी असेल, तर एका टाक्यापुरते मन जागेवर आणा. पुढचा टाका त्यातूनच निघतो.