जांबचा नारायण

भाद्रपदात घरोघर म्हटल्या जाणाऱ्या गणपतीच्या सर्वांत परिचित आरतीशी ज्यांचे नाव परंपरेने जोडले आहे, त्या समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब आपल्याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे, याचे स्मरण आरती म्हणताना आपल्यापैकी कितीजणांस होत असेल?

सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी इ.स. १६०८ मध्ये, रामनवमीच्या दिवशी, हा नारायण, म्हणजेच पुढचे समर्थ रामदास, जन्मला. गावच्या कुलकर्णाचे दफ्तर ज्या घरात नांदत होते, त्या घरातील मुलाने बोहल्यावरून ‘सावधान’ हा शब्द ऐकताच पलायन केले, अशी आख्यायिका आहे. तिची शहानिशा करीत बसण्यापेक्षा पुढे नाशिकजवळ टाकळीस केलेली बारा वर्षांची तपश्चर्या आणि त्यानंतरची भारतयात्रा यांकडे लक्ष देणे मला अधिक उचित वाटते. वीस दशकांचा ‘दासबोध’ आणि २०५ मनाचे श्लोक यांनी त्यांची कीर्ती दिगंत केली खरी, परंतु ज्यांत उपदेशकाचा करारी स्वर मावळून व्याकुळ भक्ताचा आर्त स्वर उमटतो, ती करुणाष्टकेच मला त्यांच्या काव्याचे हृदय वाटतात.

हे विखुरलेले वाङ्मय मठामठांतील बाडांतून शोधून काढण्यासाठी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य वेचले. त्यांनी जमविलेली हस्तलिखिते धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहेत.