घरच्या बागेतील पतंगांचे एक वर्ष

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय 'पतंग' असे कळविले, तेव्हा संयोजकांनी मला विचारले, की मग ते उत्तरायणाच्या सुमारास ठेवू या काय? बडोद्यात हा प्रश्न स्वाभाविकच आहे. मी बोलणार आहे ते मात्र रात्री दिव्यापाशी येणाऱ्या, आपले गुजराती शेजारी ज्याला 'फूदुं' म्हणतात, त्या जिवाविषयी.

जून 2024 ते मे 2025 असे एक वर्ष मी घरामागच्या बागेत येणाऱ्या पतंगांची नोंद ठेवली. साहित्य म्हणाल तर एक जुनी पांढरी चादर, दोरी, दिवा आणि दोनशेपानी वही. चादरीवर जो बसेल त्याची तारीख, वेळ व वर्णन लिहावयाचे, एवढेच काम. पालीही पहिल्याच आठवड्यात या कामात सहभागी झाल्या.

पतंग ज्योतीवर भाळून प्राणार्पण करतो, ही कल्पना आपल्या काव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जानेवारी 2024मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले संशोधन वेगळेच सांगते. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रणात असे दिसले, की दिव्याजवळ उडणारा कीटक दिव्याकडे झेपावत नाही. तो दिव्याकडे पाठ करतो. रात्री अधिक उजेडाची बाजू ती आकाशाची, अशी त्याच्या जातीची जुनी खूणगाठ. पाठ तिकडे ठेवली की उड्डाण सरळ राहते. दिवा बाजूला असला की हा हिशेब चुकतो आणि तो बिचारा फेऱ्या मारीत राहतो. हे वाचल्यावर मला माझ्या दिव्याची थोडी लाज वाटली. मग तो रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ लावावयाचा, असे ठरविले. पिकलेले केळे व गूळ कालवून आंब्याच्या खोडाला फासले, तरी काही पाहुणे आपण होऊन येतात.

तगरीचे प्रकरण एवढे सोपे नव्हते. दर पावसाळ्यात तिच्यावर बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार अळ्या येतात. डोक्यामागे दोन निळे डोळे वटारलेले. ते खरे डोळे नव्हेत, नुसते ठिपके. वीस वर्षे मी त्यांच्यावर औषध फवारीत आलो. या वर्षी फवारणारा आणि नोंद करणारा हात एकच असावा, हे काही जमेना. परंतु माझ्या पत्नीच्या देवपूजेला रोज त्याच तगरीची फुले लागतात. ''पाहुणचार तुमचा आणि उपास देवाला,'' असे ती म्हणाली, आणि त्यात खोटे काही नव्हते. जुलैत झाड खराट्यासारखे झाले. एक अळी तपकिरी होऊन पाचोळ्यात उतरली, ती मी मलमलीने तोंड बांधलेल्या बरणीत ठेवली. पुढे एका पहाटे तिच्यात हिरव्या रंगाच्या नाना छटा आणि मधूनच गुलाबी झाक असलेला पतंग बसलेला होता. शास्त्रात त्याला डॅफ्निस नेरी म्हणतात. तगरीला पुन्हा पालवी फुटली. देवाला मात्र तोवर जास्वंदीवर भागवावे लागले.

कोरोनाच्या काळात काढ्यासाठी लावलेल्या गुळवेलीवरही एकजण वाढला. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे झगझगीत नारिंगी. याची सोंड फळाची साल भेदून रस शोषते. विदर्भातील संत्रा बागाईतदार त्याला चांगले ओळखतात. माझी संत्र्याची बाग असती, तर त्याचे नाव मी इतक्या आनंदाने लिहिले असते, असे वाटत नाही. बहुतेक पतंगांना मराठीत स्वतंत्र नावच नाही, म्हणून आमच्या घरी हा 'वाळके पान' झाला.

आता माझी चूक सांगतो. ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, बागेत पाणी शिरले, वीज गेली. सप्टेंबरात मी तापाने अंथरुणाला खिळलो. उठल्यावर वही उघडली, तो नऊ दिवस पत्नीच्या अक्षरात भरलेले. त्यांपैकी तीन तारखांपुढे लिहिले होते : ''दिवा एक तास लावला. कोणी नाही. शून्य.'' मी विचारले, शून्य कशाला लिहायचे? ती म्हणाली, ''अहो, हवामानाच्या तक्त्यावर पाऊस न पडलेल्या दिवशीही बाई शून्य लिहून घेत होत्या, विसरलात वाटतं?'' तीही याच शाळेची विद्यार्थिनी आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मागे आणि गुणांनी पुढे.

तोवर मी फक्त आलेल्यांची नोंद केली होती. रिकामी रात्र मला नोंद करण्याजोगी वाटलीच नव्हती. त्यामुळे जूनपेक्षा ऑगस्टात पतंग कमी आले काय, या साध्या प्रश्नालाही माझी वही उत्तर देऊ शकत नाही. ऑक्टोबरपासूनची पाने मात्र बोलतात : जानेवारीच्या थंडीत शून्यांची रांग लागली आहे.

वही मी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. पहिल्या तीन महिन्यांतील कोऱ्या तारखा कोऱ्याच ठेवल्या आहेत. कोणत्या रात्री कोणी आले नाही, कोणत्या रात्री वीज नव्हती आणि कोणत्या रात्री मीच कंटाळून झोपलो, हे आता मला सांगता येत नाही.